गुऱ्हाळावरचा ओला पडदा

आमचं बाळ जन्माआधीच गेलं आणि त्याच आठवड्यात गुऱ्हाळावरचा पडदा ओला झाला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण मला ते दिवस आठवायला लागले की दोन्ही गोष्टी एकदमच येतात, त्यामुळं सांगतानाही वेगळ्या करता येत नाहीत.

पडद्याचं आधी सांगतो. मी बेळगावात एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि शिकवता शिकवता पीएचडी करतो. विषय खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करण्याचा. माझ्या यंत्रात टेफ्लॉनचा एक पांढरा पातळ पडदा असतो, हातात घेतला तर जाडसर कागदासारखा. त्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. पडद्याच्या एका अंगानं गरम खारं पाणी खेळवायचं, दुसऱ्या अंगानं थंड गोडं पाणी. पडद्याला पाणी चिकटत नाही, म्हणून पाणी छिद्रांत शिरत नाही. गरम बाजूची वाफ तेवढी पलीकडं जाते आणि थंड बाजूला तिचं पाणी होतं. मीठ मागं राहतं. पाणी उकळावं लागत नाही, चांगलं कढत असलं तरी पुरतं. म्हणून जिथं उष्णता फुकट जाते अशा जागी हे यंत्र परवडतं.

आमच्या भागात फुकट जाणारी उष्णता म्हणजे गुऱ्हाळ. निपाणी आणि चिकोडीच्या मधल्या एका गावात मला तसं गुऱ्हाळ मिळालं. चुलवाणात चिपाड जळत असतं, वर काहिलीत उसाचा रस उकळत असतो, आणि निम्मी आच धुराड्यातून आभाळात जाते. मी धुराड्याच्या बुडाला तांब्याच्या नळीचे वेढे दिले आणि त्यातून बोअरचं पाणी फिरवलं. त्या गावचं बोअरचं पाणी खारट आहे. वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजून पाजून तिथल्या जमिनीवर पांढरी खार फुटलीय आणि तीच खाली पाण्यात उतरलीय. म्हशी ते पाणी हुंगतात आणि तोंड फिरवतात. माणसं कॅन विकत आणून पितात.

गुऱ्हाळाचे मालक जैन शेतकरी. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. फोनवर कन्नड, गूळ शिजवणाऱ्या गुळव्याशी मराठी, माझ्याशी दोन्ही मिसळून. त्यांची आई, सगळ्यांची अव्वा, रोज सकाळी घागरीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधून पाणी गाळायची. कॅनचं सीलबंद पाणीसुद्धा गाळायची. मी पहिल्यांदा यंत्र घेऊन आलो तेव्हा तिनं पडद्याचा तुकडा बोटांत धरून बघितला आणि म्हणाली, "ह्येबी गाळणंच की."

"व्हय अव्वा, पण ह्यातनं पाणी जात न्हाय. वाफ जाते."

"वाफंत जीव नसतोय," ती म्हणाली, आणि तिचं समाधान झालं.

माझी बायको तेव्हा पोटुशी होती. ती निपाणीजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे, पण त्या दिवसांत रजा घेऊन माझ्याकडं बेळगावात, खासबागेत राहत होती. अव्वा मला दर खेपेला तिची चौकशी करायची. गुळाची पहिली ढेप फोडली तेव्हा त्यातला मोठा खडा तिनं बाजूला काढला आणि कागदात बांधून दिला. "बाळंतिणीला सुंठीबरोबर दे. आधी देऊ नकोस, उष्ण पडतंय."

नववा महिना लागला होता. सकाळी बायको म्हणाली, "रात्रीपासून हललं न्हाय." आम्ही रिक्षानं दवाखान्यात गेलो. सोनोग्राफी करताना डॉक्टरबाई नेहमी बोलत असायच्या, हे डोकं, हा हात, असं. त्या दिवशी त्या बोलल्या नाहीत. त्यांनी मॉनिटर स्वतःकडं वळवून घेतला आणि सिस्टरला दुसऱ्या डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. बायको छताकडं बघत होती. म्हणाली, "मला कळलंय. तुम्ही सांगा फक्त."

नंतरचं बरंचसं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. तिला कळा याव्यात म्हणून औषध दिलं. कळा देऊनच जन्म द्यावा लागतो, हे मला माहीत नव्हतं. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक माणूस पेढ्यांचा बॉक्स घेऊन बसला होता. त्यानं मला पेढा दिला आणि मी खाल्ला. गोड होता. तेवढं कळलं.

दुपारनंतर सिस्टरनं हिरव्या कापडात गुंडाळलेलं बाळ माझ्या हातात दिलं. "मुलगी," ती म्हणाली. डोळे मिटलेले होते. नखं पूर्ण वाढलेली होती. मी नखांकडंच बघत राहिलो. मला वाटलं, आता रडायला येईल. आलं नाही. हात सुन्न झाल्यावर आपण टोचून बघतो तसं मी मनाला टोचून बघितलं. काहीच नव्हतं.

निपाणीहून आप्पा आले. माझे वडील तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे. आई घरी विड्या वळायची. त्या दोघांच्या कष्टावर मी शिकलो. आप्पांनी हिरवं कापड माझ्या हातातून घेतलं, गाडीत पुढच्या सीटवर बसले आणि निपाणीपर्यंत मांडीवर धरून राहिले.  बायको दवाखान्यातच होती, तिच्याजवळ तिची आई. निपाणीत आमच्या लोकांची दफनभूमी गावाबाहेर आहे. माझ्या आईनं त्रिशरण म्हटलं, शेवटी तिचा आवाज फुटला. आप्पा म्हणाले, "तू माती दे रं." मी दिली. माती भुसभुशीत होती, लाल नव्हे, काळपट. हात धुवायला कुणीतरी पाणी ओतलं.

बायको दवाखान्यातून तिच्या आईकडं निपाणीला गेली. मी खासबागेत परतलो. आमच्या गल्लीत अजून दोनचार यंत्रमाग चालतात, दिवसभर खटखट असते. घरात बसलो की ती ऐकू यायची, दुसरं काही नाही. चौथ्या का पाचव्या दिवशी मी कॉलेजात गेलो.  आमचे विभागप्रमुख केबिनच्या दारातच उभे राहिले. "अरे, रजा घे की. कोण काही म्हणणार नाही."

"घरी काय करू सर?"

 माझा खांदा थोपटून ते आत गेले.

त्याच दुपारी अण्णांचा फोन आला. "सर, पाणी खारट याला लागलंय ओ. काल दुपारपासनं. आम्ही मशीन बंद करून ठेवलंय."

त्यांना दवाखान्याचं काही माहीत नव्हतं. मी आठवडाभर का आलो नाही, हेही त्यांनी विचारलं नाही. मी म्हणालो, "उद्या येतो." फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं असं नाही म्हणणार, पण निदान उद्या काय करायचं हे माहीत झालं.

पडदा ओला होणं हे या कामातलं सगळ्यांत वाईट दुखणं. पडदा कोरडा आहे तोवरच यंत्र चालतं. एकदा का छिद्रांत पाणी शिरलं की त्याच वाटेनं मीठही जातं, आणि बाहेर येणारं पाणी गोडं राहत नाही. वरून बघून काही कळत नाही. पडदा तसाच पांढरा दिसतो. फक्त पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवरचा आकडा चढत जातो.

दुसऱ्या दिवशी मी गुऱ्हाळावर पोचलो तर काहील नुकतीच उतरवली होती. गरम काकवीचा वास सगळीकडं पसरला होता. अण्णांनी चहा दिला. अव्वा पायरीवर बसून शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली.

"काय रं, झाली का मोकळी?"

तोंडात चहा होता. मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, हे मलाच सांगता येणार नाही. तिला वाटलं, अजून नाही. "हूं, पहिलटकरणीला उशीर होतोय," ती म्हणाली आणि शेंगा फोडायला लागली.

 बोलायचं ठरवलं होतं किंवा लपवायचं ठरवलं होतं, असं काहीच नाही. बोलायला जे लागतं ते माझ्याजवळ नव्हतं, एवढंच. मी स्पॅनर घेतला आणि यंत्र उघडायला बसलो.

पुढचे आठवडे मी तिथंच असल्यासारखा होतो. सकाळची लेक्चर्स झाली की निपाणीची बस, तिथून चिकोडी रोडची दुसरी बस. आठवड्यातून दोनदा वाटेत निपाणीला सासूबाईंकडं उतरायचो. बायको खाटेवर भिंतीला टेकून बसलेली असायची. मी तिच्या शेजारी बसायचो. "खाल्लंस?" "व्हय." "तू?" "व्हय." एकदा ती म्हणाली, "तू रडला न्हाईस." मी म्हणालो, "येत न्हाय." तिनं मान हलवली. राग नव्हता त्यात. तीही त्या दिवसांत फार रडत नव्हती. सासूबाईच स्वयंपाकघरात जाऊन रडायच्या आणि पदरानं तोंड पुसून बाहेर यायच्या.

गुऱ्हाळावर मी पडदा बदलला. नवा पडदा काही दिवस चांगला चालला, मग पुन्हा आकडा चढला. पंपाचा दाब कमी केला. पाण्यासाठी गाळणी बदलली. धुराड्याची आच एकसारखी नसते. चुलवाण पेटलेलं असतं तेव्हा पाणी कढतं, काहील उतरवली की निवतं. तसं निवताना पडद्यावर मीठ साचत असेल असं वाटलं, म्हणून गरम पाण्याची एक मोठी टाकी मध्ये बसवली आणि तिला गोणपाट आणि थर्माकोल गुंडाळला. त्यानं उष्णता टिकली, पाणीही थोडं जास्त मिळायला लागलं. पण पडदा ओला व्हायचा तो झालाच.

एका सकाळी मी लवकर पोचलो. बोअरचं पाणी ज्या हौदात पडतं त्या हौदावर फेस होता. उन्हात चमकत होता. गुऱ्हाळावर काम करणाऱ्या बायका हौदाच्या कडेला बसून रसाच्या बादल्या आणि त्यांची धुणी धूत होत्या. साबणाचं पाणी शिंतडून हौदात पडत होतं. मी बराच वेळ त्या फेसाकडं बघत उभा राहिलो. साबणानं पाण्याचा पृष्ठताण सैल होतो आणि मग ते पडद्याच्या छिद्रांत शिरतं. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, दोन वर्षं मी हेच वर्गात शिकवत होतो. तरी हौद आणि बादल्या डोळ्यांसमोर असून मला दिसल्या नव्हत्या. एरवी मला आनंद झाला असता, कुणालातरी फोन केला असता. मी फक्त पाण्याची वाट बदलली. बोअरपासून एक वेगळी पाइप काढून यंत्रासाठी झाकणाचा ड्रम ठेवला. त्या बायकांना म्हणालो, "तुम्ही धुवा तिथंच, तुमची जागा हाय ती. मीच सरकतो."

ओला झालेला पडदा टाकून द्यायचा नाही, वाचवायचा, हे मी तिथंच शिकलो. यंत्र थांबवायचं, साध्या गोड्या पाण्यानं पडदा धुवायचा, मग धुराड्याजवळची गरम कोरडी हवा छोट्या ब्लोअरनं पडद्यातून सोडायची. छिद्रं सुकली की मीठ पुन्हा मागं राहायला लागतं. पुढं मी ठरवलंच, ओला व्हायची वाट बघायची नाही. दर आदण, म्हणजे काहिलीतला एक घाणा, उतरलं की थोडा वेळ हवा सोडायची. गुळव्या काहील हलवून रिकामी करायचा तेवढ्या वेळात माझा पडदा सुकायचा. पुढं मी जो पेपर लिहिला त्यात मुख्य भाग हाच आहे.

या सगळ्या दिवसांत अव्वा विचारत राहिली. "काय खबर?" मी काहीतरी तोंडातल्या तोंडात बोलायचो. एकदा तिनं दोन जुन्या मऊ धोतरांच्या घड्या दिल्या, लंगोटांना. मी त्या पिशवीत घातल्या. आप्पांना, बायकोला, कुणालाच सांगितलं नाही. खासबागेत कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या. आठवडे उलटत चालले होते आणि म्हातारीनं कधीतरी हिशेब करायला हवा होता, पण तिच्या लेखी दिवस आदणांनी मोजायचे असतात, किंवा तिला काहीतरी उमगलं होतं आणि ती मला वेळ देत होती. मी विचारलं नाही.

जानेवारीत एका रविवारी मी यंत्राजवळ बसलो होतो. गुऱ्हाळाच्या तोंडाशी रिक्षा थांबली. बायको उतरली. निळी साडी, हातात छत्री. ऊन होतं. मी तिला बोलावलं नव्हतं. ती नंतर म्हणाली, घरात बसून बसून भिंत पाठ झाली होती, आणि मी रोज कुठं जातो ते बघायचं होतं.

अव्वा पायरीवरच होती. तिनं बायकोला आधी कधी बघितलं नव्हतं, पण मी उठून पुढं गेलो म्हणून तिला कळलं. ती हात टेकत उठली. "ये गं ये. बाळ कुणाजवळ ठेवलंस? संगट आणायचं की गं, इथं काय वारं हाय व्हय."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मला वाटतं तिनं तसं माझ्याकडं पूर्वी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. काहिलीतला रस खदखदत होता. अण्णा हातातली काठी धरून तसेच उभे राहिले.

"बाळ न्हाय, अव्वा," बायको म्हणाली. "पोटातच गेलं. मुलगी होती."

अव्वाचा हात अर्ध्यात राहिला. "कधी?"

"डिसेंबर लागला तवा."

अव्वा माझ्याकडं वळली. "सर, तू तर..." 

"त्यास्नी बोलायला येत न्हाय," बायको म्हणाली. चारचौघांत ती मला अहोजाहोनंच बोलते. तिच्या आवाजात ना चीड होती ना मला सांभाळून घेणं. डोळे कुठल्या रंगाचे आहेत हे सांगावं तसं सांगितलं तिनं.

मग अव्वानं तिला हाताला धरून पायरीवर बसवलं. पाणी आणलं, फडक्यातून गाळलेलं. दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी यंत्राजवळ होतो, ब्लोअरच्या आवाजात सगळं ऐकू आलं नाही. एवढंच ऐकू आलं की अव्वाची दोन गेली होती. एक जन्मून, एक न जन्मता. "कुणी विचारत न्हाई नंतर," ती म्हणाली. "मला अजून इच्चारलं तर चार लेकरं म्हणते मी. अण्णा म्हणतो दोन."

दुपारी जेवण तिथंच झालं. भाकरी, वांग्याची भाजी, ताजी काकवी. जेवण झाल्यावर बायको यंत्रापाशी आली आणि जमिनीवर बसली.

"दाखव," ती म्हणाली.

लग्नाला चार वर्षं होऊन गेली होती. मी तिला माझं काम कधी नीट समजावून सांगितलं नव्हतं, तिनंही विचारलं नव्हतं. मी तिला सगळं दाखवलं. कुठून गरम पाणी येतं, कुठून थंड. पडद्याला लागून पाण्याचा एक मंद थर बसतो, तो लवकर निवतो, म्हणून मधे बारीक जाळी बसवलीय, पाणी घुसळलं जावं म्हणून. बोअरचं येणारं थंड पाणी आधी गोड्या पाण्याला गार करतं आणि स्वतः कोमट होऊन पुढं जातं, म्हणजे उष्णता वाया जात नाही. ती शिक्षिकेसारखे प्रश्न विचारत होती, मुद्द्याचे.

"आन मागं राहिलेलं मीठ कुठं जातंय?"

"तिकडं." गुऱ्हाळामागं मी विटांचा उथळ वाफा करून आत प्लास्टिक अंथरलं होतं. उरलेलं जास्त खारं पाणी तिथं उन्हात वाळायचं. ते परत जमिनीत सोडलं तर मी कशासाठी आलो होतो? आम्ही उठून बघायला गेलो. कडेला पांढरे खडे धरले होते. तिनं एक चिमूट जिभेला लावली आणि थुंकली. "कडू हाय."

"सगळं मीठ न्हाय ते. बाकी क्षारपण हाईत."

परत आल्यावर नळीच्या तोंडाशी पेला धरून तिनं गोडं पाणी घेतलं आणि प्यायली. थांबली. "कशाचीच चव न्हाय."

"न्हाय. पिण्याआधी थोडे क्षार परत घालावे लागतात. न्हायतर असंच लागतं."

ती पेला हातात धरून बसली. चुलवाणाकडं बघत ती म्हणाली, "मला दूध आलतं."

मला आधी कळलंच नाही.

"ती गेल्यावर. तिसऱ्या दिवशी. अंगाला कळत न्हाय ना, मूल हाय का न्हाय ते. लई दुखायचं. आईनं फडकं घट्ट बांधलं. आठवडाभर येत होतं."

"मला सांगितलं न्हाईस."

"तू यायचास, 'खाल्लंस' म्हणायचास. काय सांगू?"

मी तिच्या शेजारी बसलो. हात धरावा असं सुचलं आणि धरला. तिचा हात धुराड्याच्या उबेनं गरम होता. माझ्या आत काहीतरी हलेल म्हणून मी वाट बघितली. काही हललं नाही. पण मी हात सोडला नाही आणि तिनंही काढून घेतला नाही. गुळव्यानं आवाज दिला, आदण उतरलं. मी उठून ब्लोअर चालू केला आणि परत येऊन बसलो.

त्यानंतर ती दर रविवारी यायला लागली. टीडीएसचे आकडे तिनंच लिहिले, तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं. पडदा त्यानंतर एकदा ओला झाला, सुकवल्यावर पुन्हा चालला. हंगाम संपेपर्यंत अण्णांच्या घराला आणि गुऱ्हाळावरच्या माणसांना प्यायला पुरेल एवढं पाणी त्यातून निघत होतं. त्याहून जास्त नाही. माझ्या पीएचडीच्या गाइडनी येऊन बघितलं आणि म्हणाले, छान झालं. पुढच्या हंगामात जाळीची घडण बदलून पडदा आणखी मोठा करायचा, असं ठरलं. अण्णांनी कॅन बंद केले. अव्वा मात्र ते पाणीसुद्धा फडक्यातून गाळून घ्यायची.

मार्चअखेरीस शेवटचं आदण उतरलं. यंत्र सोडवून टेम्पोत चढवलं आणि कॉलेजला पाठवलं. मी टेम्पोबरोबर गेलो नाही. बायको म्हणाली होती, "मला जागा बघायचीय." कुठली जागा ते मी विचारलं नाही.

आप्पा आमच्याबरोबर आले. निपाणीबाहेरच्या त्या मैदानात ऊन कडक होतं, गवत वाळून पिवळं पडलं होतं. मी भोवताली बघितलं आणि मला कळेना. दगड बरेच होते, सगळे सारखे. आप्पा सरळ चालत गेले आणि एका कडुलिंबाच्या अलीकडं थांबले. तेवढ्या जागेवर गवत नव्हतं. झाडून घेतल्यासारखी होती.

"आप्पा, तुम्ही येताय व्हय इथं?"

"येतो कवातरी," ते म्हणाले. "फिरायला येतो हिकडं." आणि बाजूला जाऊन पाठमोरे उभे राहिले.

बायको खाली बसली. मातीवर हात ठेवला. फार वेळ नाही. उठताना तिनं मला विचारलं, "नाव सांगू?"

"कुणाचं?"

"हिचं. मी ठेवलं होतं. सातव्या महिन्यातच. तुला बारशाला सांगणार होते."

तिनं नाव सांगितलं. ते इथं लिहीत नाही, ते आमचं आहे. मला नीट ऐकू आलं की नाही म्हणून मी परत म्हणून बघितलं. मोठ्यानं. ती म्हणाली, "व्हय, तसंच." आप्पांनी मागं वळून बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. तेही ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाले.

रडू त्या दिवशीही आलं नाही.  बायको म्हणाली, ती आता बेळगावला येते, शाळेला सुट्टी लागेपर्यंत बसनं जाऊन येऊन करील. आप्पांनी आम्हाला स्टँडवर सोडलं. बेळगावची बस भरून आली होती. कंडक्टर कन्नडमध्ये पुढं सरका, पुढं सरका ओरडत होता. तिला पुढं बायकांच्या सीटवर जागा मिळाली आणि मला अगदी मागं, चाकावरची. बस महामार्गाला लागली तेव्हा तिनं एकदा मान वळवून मला शोधलं. मी हात वर केला.